कॉम्प्रेसरमधलं पाणी आणि बोटातला खिळा

पुणे-बंगळूर महामार्गावरून कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत, म्हणजे इथल्या बोलण्यातल्या ‘फाइव्ह स्टार’मध्ये, वळलं की आधी नजरेत भरतात ते मोठे कारखाने. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स इथंच आहे, कापडाचे कारखाने आहेत आणि शिरोली, गोकुळ शिरगावपासून इथवर पसरलेल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. यांतला बराचसा माल शेवटी लाकडावर चढतो. दोनशे-चारशे किलोचं कास्टिंग पुठ्ठ्याच्या खोक्यात मावत नाही. त्याला पॅलेट लागतं, नाहीतर चारी बाजूंनी बंद लाकडी पेटी. माल परदेशी जाणार असेल तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं लागतं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का लागतो. शिक्का पुसट उमटला तरी माल बंदरावर अडतो, म्हणून त्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. त्या लाकडात खिळे ठोकणारी गन कुठल्या अवस्थेत आहे, हे मात्र ती चालवणारा कारागीर सोडला तर फारसं कुणी पाहत नाही.

एका साध्या पॅलेटला साठ-सत्तर खिळे सहज जातात. हातोडीनं हे काम करणारी पिढी अजून आहे, पण नगावर मजुरी मिळू लागली की हातोडी मागं पडते. कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारी नेल गन पहिल्यांदा बाजारात आली ती अमेरिकेत, १९५० च्या सुमारास, घरांच्या लाकडी जमिनी झटपट ठोकण्यासाठी. आपल्याकडे ती आधी फर्निचरवाल्या सुतारांच्या हातात बारीक पिनांची गन म्हणून रुळली. पॅकिंगच्या कामात दिसते ती तिची थोरली बहीण: तारेनं गुंफलेल्या खिळ्यांची गुंडाळी पोटात घेणारी, तीन-साडेतीन किलो वजनाची कॉईल नेलर. दोघींचं आतलं शास्त्र एकच.

गनच्या आत एक सिलिंडर, त्यात पिस्टन आणि पिस्टनला जोडलेली पोलादी पट्टी, तिला ब्लेड म्हणतात. सायकलचा पंप उलटा चालवल्यासारखा हा प्रकार आहे. पंपात आपण दांडा ढकलून हवा दाबतो, इथं दाबलेली हवा दांडा ढकलते. पाइप जोडला की गनच्या मुठीत आणि सिलिंडरभोवती हवा भरून राहते. पिस्टनच्या डोक्यावर हेड व्हॉल्व्ह असतो. त्याच्या वर हवेचा दाब असतो तोवर तो मिटलेला राहतो. ट्रिगर ओढला की त्याच्या वरची हवा निसटते, व्हॉल्व्ह उचलला जातो आणि साठलेली सगळी हवा एकदम पिस्टनवर तुटून पडते. पिस्टनचा व्यास ५ सेंटिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंटिमीटर येतं. हवा ७ किलोच्या प्रेशरला असेल (आपल्याकडे शॉपवर प्रेशर किलोतच सांगतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो) तर पिस्टनवर १४० किलोचा जोर येतो, आणि तो सगळा खिळ्याच्या डोक्याएवढ्या जागेवर उतरतो. खाली जाताना पिस्टन स्वतःखालची हवा बाजूच्या एका कप्प्यात भरतो. ट्रिगर सोडला की तीच हवा त्याला पुन्हा वर ढकलते. तळाशी पिस्टनचा धक्का झेलायला रबराचा बंपर असतो.

या ताकदीला आवर घालणारा भाग अगदी साधा आहे. गनच्या तोंडाशी एक सरकतं नाक असतं. कारागीर त्याला ‘सेफ्टी’ म्हणतात. हे नाक लाकडावर टेकून दाबलं गेलं की त्याला जोडलेली पट्टी वर सरकते आणि तेव्हाच ट्रिगरचा व्हॉल्व्हशी संबंध जुळतो. नाक मोकळं असताना ट्रिगर कितीही ओढला तरी खिळा सुटत नाही. वरची पट्टी आणि एक स्प्रिंग, एवढ्यावरच हातापायांची भिस्त असते.

खरा फरक इथून पुढं आहे. काही गनांमध्ये क्रम बांधलेला असतो: आधी नाक टेकवा, मग ट्रिगर ओढा आणि पुढच्या खिळ्यासाठी ट्रिगर सोडून पुन्हा ओढा. याला सिक्वेन्शियल ट्रिगर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे कॉन्टॅक्ट ट्रिगरमध्ये, ट्रिगर दाबूनच ठेवायचा आणि गन लाकडावर नुसती टेकवत जायची. जिथं टेकेल तिथं खिळा. पॅलेटच्या कामाला मिळणाऱ्या कॉईल नेलर बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या असतात. यात दोन धोके आहेत. ट्रिगर दाबून धरलेली गन मांडीला, शेजाऱ्याच्या हाताला किंवा फळीच्या कडेला लागली तरी तिच्या दृष्टीनं ते लाकूडच. दुसरा धोका नवख्याला कळत नाही. खिळा सुटला की गन मागं उसळते, नवखा माणूस घाबरून तिला पुन्हा खाली दाबतो, नाक परत टेकतं आणि दुसरा खिळा सुटतो. तो पहिल्याच्या डोक्यावर आपटून कुठंही उडू शकतो.

अमेरिकेत या विषयावर चांगला अभ्यास झाला आहे, कारण तिथं घरंच लाकडाची. २००१ ते २००५ या काळात तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत नेल गनच्या जखमा घेऊन दरवर्षी सुमारे ३७,००० लोक येत होते. त्यांत पाचांतले दोन हौशी, घरची कामं स्वतः करणारे होते. सुतारकाम शिकणाऱ्या उमेदवारांमध्ये चार वर्षांच्या शिक्षणात पाचांतल्या दोघांना खिळा लागला होता. कॉन्टॅक्ट ट्रिगर वापरणाऱ्यांना धोका सिक्वेन्शियलवाल्यांच्या दुप्पट निघाला. वेगाचं काय? तिथल्या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत एक शेड बांधून पाहिल्याचा हिशोब आहे. कॉन्टॅक्ट ट्रिगरनं खिळे मारण्याचा वेळ दहा टक्क्यांनी वाचला, पण तो एकूण बांधकामाच्या वेळेच्या एक टक्कासुद्धा नव्हता. बाकी वेळ लाकूड मापण्यात, कापण्यात, मांडण्यातच जातो.

पॅलेटचं काम शेडसारखं नाही, हे मान्य करायला हवं. इथं खिळे मारणं हाच कामाचा मोठा भाग असतो, त्यामुळं वाचणारा वेळ जास्त असेल. नगावर मजुरी घेणाऱ्याला हा फरक खिशात जाणवतो आणि त्याला नुसता उपदेश करून भागत नाही. माझं मत असं, की टेबलावर जिगमध्ये फळ्या पक्क्या बसवून, मुरलेला कारागीर एकटा काम करत असेल तर कॉन्टॅक्ट ट्रिगर एक वेळ चालवून घेता येईल. नव्या पोराच्या हातात, दुसरा माणूस समोर फळी धरून उभा असताना किंवा पेटीच्या आत वाकून काम करताना तो अजिबात नको. बऱ्याच गनांचा ट्रिगर बदलून मिळतो, काहींना नुसतं बटन फिरवून प्रकार बदलता येतो. गन घेतानाच दुकानदाराला हे विचारावं.

पण आपल्याकडं त्याहून वाईट गोष्ट सर्रास दिसते. नाकच तारेनं किंवा रबरानं वर बांधून टाकलेलं असतं. मग ट्रिगर हाच मालक. हे ‘बेफिकिरी’ या एका शब्दात निकालात काढणं सोपं आहे, पण बांधणाऱ्याला विचारलं तर तो कारण सांगतो: नाक अडकत होतं. लाकूड टेकवूनही ते वर सरकत नव्हतं, खिळा सुटत नव्हता, नग निघत नव्हते. आणि नाक अडकतं ते देखभालीअभावी. लाकडाचा भुसा, पाइनचा चीक, पावसाळ्यातला गंज हे सगळं त्या सरकत्या पट्टीत साचतं. म्हणून नेल गनच्या बाबतीत देखभाल वेगळी आणि सुरक्षितता वेगळी, असं करताच येत नाही. न पुसलेलं नाक आज अडकतं, उद्या बांधलं जातं आणि परवा बोट जातं.

देखभालीची सुरुवात गनपासून नव्हे, कॉम्प्रेसरच्या टाकीखालच्या छोट्या ड्रेन कॉकपासून करावी लागते. कोल्हापूरकडचा पावसाळा ज्यानं पाहिलाय त्याला दमटपणा समजावून सांगायला नको, पण त्या दमटपणाचं कॉम्प्रेसरमध्ये काय होतं ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावतं. आषाढातल्या ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत ते २१ ग्रॅमच्या आसपास असतं. कॉम्प्रेसर अशी ८ घनमीटर हवा ओढून १ घनमीटरमध्ये कोंबतो (गेजवर तेव्हा ७ किलो दिसतात). ८ घनमीटरमधलं बाष्प झालं १६८ ग्रॅम, पण थंड झाल्यावर त्या १ घनमीटरमध्ये मावणार पुन्हा २३ ग्रॅमच, कारण बाष्प किती मावेल हे जागेवर आणि तापमानावर ठरतं, हवा किती कोंबली यावर नाही. उरलेल्या सुमारे १४५ ग्रॅमचं पाणी होतं. दिवसभर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये असं लिटरवारी पाणी निघतं. उन्हाळ्यातही ते निघतंच, फक्त कमी.

हे पाणी टाकीच्या तळाशी साचतं आणि टाकी आतून गंजवत नेतं. पत्रा आतून खाल्ला गेला तर बाहेरून काही दिसत नाही, आणि प्रेशरखालची टाकी फुटणं हा गनमधल्या खिळ्यापेक्षा कितीतरी मोठा अपघात. थोडं पाणी पाइपातून गनमध्येही जातं. तिथं ते ओ-रिंगवरचं तेल धुऊन नेतं. ओ-रिंग कोरडी पडली की फाटते, हवा गळते, ट्रिगरचा व्हॉल्व्ह अडखळतो, पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि पुढचा खिळा अर्धवट बसून तोंडात अडकतो. काम संपल्यावर रोज ड्रेन कॉक उघडावा, पावसाळ्यात दुपारच्या सुट्टीतही. तांबूस पाणी संपून कोरडी हवा यायला लागली की बंद करावा. लाइनवर फिल्टर, रेग्युलेटर आणि तेलाची बाटली असा एफआरएल संच बसवलेला असेल तर फिल्टरच्या काचेतलं पाणीही काढायला विसरू नये. अनेक शॉपवर हा संच भिंतीवर असतो आणि त्याची तेलाची बाटली वर्षानुवर्षं रिकामी असते.

एफआरएल नसेल तर पाळी सुरू होताना गनच्या हवेच्या तोंडात न्यूमॅटिक टूलच्या तेलाचे चार-पाच थेंब पुरेत. हे तेल पातळ असतं. इंजिनचं तेल शेजारच्या शेल्फवरच असतं आणि हात तिकडंच जातो, पण त्यातली मळ काढणारी रसायनं रबरी ओ-रिंगला मानवत नाहीत. पेट्रोल किंवा थिनरनं गन धुणं हे त्याहून वाईट. रबर फुगतं, आणि आत वाफ राहिली तर पेट घेण्याचा धोका वेगळाच. नाक मात्र तेलानं माखू नये, त्यावर भुसा आणखी चिकटतो. कोरड्या ब्रशनं आणि फडक्यानं पुसावं, आणि हवा काढलेली असताना बोटानं दाबून ते झटकन परत येतंय का ते पाहावं. खंडेनवमीला गन पुसून तिला हळदकुंकू वाहिलं जातं, फुलं वाहिली जातात. त्या दिवशी स्क्रू उघडून बंपर आणि ओ-रिंगही पाहिली तर पूजा पुरी झाली म्हणायची.

खिळ्याचं डोकं लाकडाच्या वर राहायला लागलं की पहिला उपाय सगळीकडे एकच होतो: प्रेशर वाढव. दोन दिवस बरं चालतं. मूळ कारण अनेकदा ब्लेडचं टोक झिजून गोल होणं, बंपरचे तुकडे पडणं किंवा ओ-रिंग गळणं हे असतं. वाढवलेल्या प्रेशरनं पिस्टन बंपरवर आणखी जोरात आपटतो, बंपर लवकर जातो आणि मग धातूवर धातू आदळून बॉडीला चीर पडते. गनच्या अंगावर कमाल प्रेशर लिहिलेलं असतं, बहुधा ७ ते ८ किलोच्या दरम्यान. त्याच्या वर कधीच जाऊ नये आणि त्याच्या आतही खिळा नीट बसेल इतकंच ठेवावं. पातळ फळीवर जास्त प्रेशरचा खिळा आरपार जातो, आणि फळीच्या पलीकडं कुणाचा हात आहे हे गनला कळत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, कारण फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर बंद पडला की वेल्डिंगचे सिलिंडर शेजारीच उभे असतात. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर गन कधीही चालवायची नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये १५० किलोच्या आसपास प्रेशर असतं, आणि गनमधलं तेल दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये स्वतःहून पेटू शकतं. गन हातात फुटते. आणखी एक इथली सवय, काम संपल्यावर हवेच्या पाइपानं कपड्यांवरची धूळ उडवणं. चामडीच्या जखमेतून हवा आत शिरू शकते, डोळ्यात कण जाऊ शकतो. झाडू स्वस्त आहे.

पाइप जोडण्याच्या कपलरमध्येही एक खोच आहे. गनच्या बाजूला उघडं नर टोक हवं आणि झडप असलेलं मादी टोक पाइपाच्या बाजूला. असं असलं की पाइप काढताच गनमधली हवा फुस्सकन निघून जाते. कपलर उलटा बसवला तर पाइप काढल्यावरही गनच्या पोटात हवा कोंडून राहते, एक खिळा सोडण्याइतकी. हवा काढलीय असं समजून माणूस अडकलेला खिळा चिमट्यानं ओढायला जातो आणि तो सुटतो. खिळा अडकला तर क्रम ठरलेला: बोट ट्रिगरवरून बाजूला, पाइप काढायचा, मग मॅगझिन उघडून खिळे काढायचे आणि त्यानंतरच तोंडाला हात लावायचा. गन दुसऱ्याला देताना, शिडीवर चढताना, नुसती टेबलावर ठेवतानासुद्धा बोट ट्रिगरवर नको.

लाकूडही सारखं नसतं. पाइन मऊ, पण गाठीचं. आंबा मध्यम. बाभूळ आणि पक्की निलगिरी वाळल्यावर अशी कडक होतात की खिळा वाकून बाजूनं बाहेर येतो. गाठीवर, आधीच्या खिळ्यावर किंवा कडेच्या अगदी जवळ मारला की हेच. म्हणून फळी धरलेला हात खिळ्याच्या जागेपासून निदान फूटभर लांब असावा. लहान तुकडा असेल तर तो हातानं धरूच नये, क्लॅम्प लावावा. जड कास्टिंगच्या पॅलेटला अंगावर आटे असलेले खिळे वापरतात, ते ट्रकच्या हादऱ्यांनी सुटत नाहीत. हाच गुण बोटात शिरल्यावर मोठा दोष ठरतो, त्याकडे येतोच.

चष्म्याबद्दल थोडक्यात. उडालेला खिळा, तारेचा तुकडा किंवा लाकडाची ढलपी डोळ्यात जाणं ही या कामातली भरून न येणारी हानी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणासाठीच घातलं गेलं. बाजूनं बंद असलेला चष्मा फार महाग नसतो, आणि तो फळी धरणाऱ्यालाही हवा. कानाला इअरप्लगही हवेत, कारण प्रत्येक खिळ्याचा आवाज क्षणभराचा पण कर्कश असतो आणि दिवसात असे हजारो होतात.

इतकं करूनही खिळा लागला तर? बहुतेक वेळा तो हातात, विशेषतः बोटात लागतो. बाहेरून भोक एवढंसं दिसतं, रक्तही कमी येतं. शेजारचा माणूस पक्कड आणतो आणि ओढतो. इथं थांबायला हवं. खिळ्याच्या अंगावरचे आटे, गुंडाळीच्या तारेचे तुकडे, प्लास्टिक आणि गोंद हे ओढताना आतली नस, स्नायुबंध फाडत बाहेर येतात किंवा आतच राहतात. हाताच्या अशा जखमांपैकी जवळपास पाव जखमांत स्नायुबंध, सांधे, मज्जातंतू किंवा हाड यांना इजा झालेली आढळते. बोटावरची अंगठी लगेच काढावी, खिळा हलणार नाही अशी घडी बांधावी आणि गाडीनं रुग्णालय गाठावं. कागलमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे, कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय महामार्गानं वीसेक किलोमीटरवर. एक्स-रे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दोन्ही हवं. डोळ्यात काही घुसलं असेल तर डोळा चोळायचा नाही, धुवायचा नाही, दाबायचा नाही. वर कागदी कपासारखं काही अलगद झाकून तसंच न्यायचं.

शेवटी जुन्या गनबद्दल. लहान शॉपवर नवी गन क्वचितच येते. दुरुस्त केलेली, हातोहात फिरलेली येते. अशी गन कामाला लावण्याआधी मॅगझिन रिकामं करून, चष्मा लावून, तोंड जमिनीकडं धरून तपासावी. पाइप जोडल्यावर कुठं फुस्स आवाज येतो का ते ऐकावं. नाक कशालाही न टेकवता ट्रिगर ओढावा: पिस्टन आपटला तर सेफ्टी बांधलेली, झिजलेली किंवा काढून टाकलेली आहे. ट्रिगरला हात न लावता नाक एका लाकडाच्या तुकड्यावर दाबावं: तेव्हाही आपटला तर ट्रिगरचा व्हॉल्व्ह अडकलेला आहे. मग ट्रिगर दाबून ठेवून नाक टेकवावं. आपटला तर ती कॉन्टॅक्ट ट्रिगरची गन, नाही तर सिक्वेन्शियल. जे निघेल ते मुठीवर जाड अक्षरात मराठीत, हिंदीत आणि निपाणीकडून कामाला येणारी माणसं असतील तर कन्नडमध्येही लिहून टाकावं. पहिल्या दोनपैकी कुठल्याही तपासणीत जी आपटली, ती गन दुरुस्त होईपर्यंत कपाटात कुलूप लावून ठेवावी, कोपऱ्यात नाही. कोपऱ्यातली गन घाईच्या दिवशी कुणीतरी उचलतंच.